क्लासिकल ख्रिस्ती हायस्कूलमधील अभ्यास : एका शैक्षणिक वर्षानंतरचा अनुभव

आमच्या मुलीने गेल्या ऑगस्टमध्ये डॅलसच्या उपनगरातील सरकारी हायस्कूल सोडून एका क्लासिकल ख्रिस्ती शाळेत दहावीसाठी प्रवेश घेतला, आणि मे महिन्यात तिचे तिथले पहिले वर्ष पूर्ण झाले. या परिसरातील मराठी पालक, आमच्यासारखे ख्रिस्ती आणि इतरही, या शाळांविषयी वरचेवर विचारतात. शिस्त, गणवेश आणि संस्कार यांवर बरेच बोलले जाते. प्रत्यक्ष अभ्यास कसा आहे, हे मात्र सविस्तर सांगणारे फारसे कोणी भेटत नाही. म्हणून मी येथे केवळ अभ्यासाविषयी लिहीत आहे. मुलगी अजून तिथेच शिकत असल्याने शाळेचे नाव देत नाही.

या शाळांची कल्पना थोडक्यात अशी. इंग्रज लेखिका डोरोथी सेयर्स यांनी 1947 साली ऑक्सफर्डमध्ये दिलेल्या एका व्याख्यानात मध्ययुगीन युरोपातील व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व ही त्रयी मुलांच्या वाढीच्या तीन टप्प्यांशी जोडली. लहान वयात पाठांतर, मधल्या वयात वादविवाद आणि तर्कशास्त्र, आणि हायस्कूलमध्ये स्वतःचे म्हणणे नीट मांडण्याची कला, असा तो क्रम आहे. आयडाहो राज्यातील मॉस्को या गावी 1981 साली सुरू झालेल्या लोगोस स्कूलने ही कल्पना प्रत्यक्ष वर्गात आणली, आणि पुढे अमेरिकाभर अशा शाळा निघाल्या. नववी ते बारावी हा या रचनेतील वक्तृत्वाचा टप्पा असून त्याचा शेवट बारावीच्या प्रबंधाने होतो. विद्यार्थ्याने एका प्रश्नावर भूमिका घ्यायची, ती लिहून काढायची आणि परीक्षकांसमोर उभे राहून तिचे समर्थन करायचे. दहावीच्या अभ्यासातही याचीच तयारी सतत चाललेली दिसते.

सर्वांत समाधान देणारा भाग म्हणजे इतिहास, साहित्य आणि धर्मविचार एकत्र शिकवणारा तास. दहावीचे वर्ष मध्ययुगाचे असते. सरकारी शाळेत मुलीला पुस्तकांतील निवडक उतारे आणि त्यांखालचे बहुपर्यायी प्रश्न मिळत असत. येथे प्राचीन ख्रिस्ती धर्मचिंतक ऑगस्टीन यांची आत्मकथा आणि इटालियन कवी दान्ते यांच्या ‘डिव्हाइन कॉमेडी’ या महाकाव्याचा नरकखंड हे दोन्ही ग्रंथ पूर्ण वाचून घेतले गेले. मुले वर्तुळाकार बसतात, शिक्षक एक प्रश्न मांडून गप्प राहतात, आणि कोणीही काही विधान केले की ते ग्रंथात कुठे आहे हे दाखवावे लागते. तरुण वयात मित्रांबरोबर केलेल्या नासपतीसारख्या सामान्य फळाच्या चोरीवर ऑगस्टीनने एवढी पाने का खर्च केली, या प्रश्नावर त्यांचे दोन तास गेले. ‘एकटा असतो तर मी हे केले नसते’ अशा आशयाचे जे तो लिहितो, त्यावरून दोष संगतीचा की स्वतःचा, असा वाद रंगला. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसाठी यापेक्षा जवळचा विषय शोधूनही सापडला नसता.

दान्तेच्या वाचनात आमच्या घराशी थेट संबंध असलेला एक प्रसंग आला. नरकखंडाच्या चौथ्या सर्गात व्हर्जिल, होमर, ॲरिस्टॉटल असे ख्रिस्तपूर्व थोर लोक शिक्षा नसलेल्या, पण आशाही नसलेल्या जागी दिसतात. आमचे घराणे अहिल्यानगर जिल्ह्यातील. चार पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेले. मग त्यांच्या आधीच्या पिढ्यांचे काय, असे मुलीने भर वर्गात विचारले. शिक्षकांनी उत्तर दिले नाही, प्रश्न बाजूलाही सारला नाही. त्यांनी त्याच महाकाव्याच्या स्वर्गखंडाचा एकोणिसावा सर्ग उघडून दाखवला. तिथे दान्ते स्वतःच विचारतो की, सिंधूच्या काठी जन्मलेल्या, ज्याला ख्रिस्ताविषयी सांगणारे कोणी नव्हते अशा सदाचारी माणसाला दोषी ठरवणारा न्याय तो कोणता? चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या इटालियन कवीने सिंधूकाठच्या माणसाची काळजी केलेली पाहून मुलगी अक्षरशः हरखून गेली. यावर तिला चार पानांचा निबंध लिहायला सांगण्यात आले. निबंध परत आला तेव्हा समासात लाल शाईने तीन ठिकाणी एकच शेरा होता : ‘हे तू म्हणतेस, की दान्ते म्हणतो?’ तिने तो पुन्हा लिहिला. तिच्या लेखनात या वर्षी जो फरक पडला, त्याचे बरेचसे श्रेय मी अशा शेऱ्यांना देते.

भूमिती युक्लिडच्या मूळ ग्रंथावरून शिकवली जाते. पहिल्या भागातील 48 सिद्धान्त क्रमाने घ्यायचे आणि प्रत्येक सिद्धान्त फळ्यावर, वही न पाहता, मोठ्याने बोलत सिद्ध करायचा. पहिला सिद्धान्त सोपा वाटतो : दिलेल्या रेषाखंडाच्या दोन्ही टोकांना केंद्र मानून त्याच लांबीच्या त्रिज्येची दोन वर्तुळे काढायची, ती जिथे छेदतात तो बिंदू टोकांना जोडायचा, की समभुज त्रिकोण तयार होतो. ती वर्तुळे एकमेकांना छेदतात हे कशावरून, असे एका मुलाने विचारले. हा प्रश्न रास्त आहे, कारण युक्लिडच्या गृहीतकांतून ते निघत नाही. शिक्षकांनी तसे स्पष्ट सांगितले आणि 1899 साली जर्मन गणितज्ञ डेव्हिड हिल्बर्ट यांनी भूमितीचा पाया नव्याने का घातला, याची ओळख करून दिली. असा तास मला माझ्या विद्यार्थिदशेत मिळायला हवा होता, असे मनापासून वाटले. मात्र या पद्धतीचा वेग कमी आहे, आणि निर्देशक भूमितीचा सराव आम्हाला घरी वेगळा करून घ्यावा लागला.

लॅटिन सक्तीचे आहे. बाकीची मुले तिसरी-चौथीपासून शिकत आलेली असल्याने मुलीला नवीन विद्यार्थ्यांच्या गटात बसवले. शालेय संस्कृत केलेल्या पालकांना येथे मदत करता येते, हे मुद्दाम सांगते. विभक्ती, वचन, क्रियापदाचे पुरुष ही सगळी चौकट ओळखीची निघते. संस्कृतातील तृतीया, पंचमी आणि सप्तमी यांची बरीच कामे लॅटिनमध्ये एकट्या ॲब्लेटिव्ह विभक्तीकडे असतात, एवढे समजावल्यावर तिचा गोंधळ बराच कमी झाला. तर्कशास्त्राचा विषयही चांगला शिकवतात. पण त्यात ॲरिस्टॉटलच्या त्रिपदी अनुमानापलीकडे काही नाही. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन ही आपल्या न्यायदर्शनाची पाच अवयवांची मांडणी तिला तिच्या बाबांनी घरी शिकवली.

आता उणिवा, आणि त्या किरकोळ नाहीत. रसायनशास्त्राचे प्रयोग बहुधा शिक्षक समोर करून दाखवतात आणि मुले नोंदी घेतात. अनुमापनासारखा (टायट्रेशन) प्रयोग स्वतःच्या हाताने केल्याशिवाय ब्युरेटचे वाचन कसे घ्यायचे, अंतिम बिंदूजवळ थेंब थेंब कसे सोडायचे, हे कळत नाही. संगणकशास्त्र हा विषय नाही. एपी, म्हणजे हायस्कूलमध्येच शिकवले जाणारे महाविद्यालयीन दर्जाचे अभ्यासक्रम, जवळजवळ नाहीत, कारण परीक्षेसाठी शिकवणे शाळेला तत्त्वतः मान्य नाही. ही भूमिका मी समजू शकते, तरी अभियांत्रिकीकडे जाऊ इच्छिणाऱ्या मुलाचे त्यामुळे नुकसान होते, आणि शाळेने हे प्रवेशाच्या वेळीच सांगायला हवे. प्रयोगशाळेबाबत मी वर्षात अनेकदा विचारणा केली. आश्वासनापुढे काही गेले नाही.

शाळा दहावीत सीएलटी (क्लासिक लर्निंग टेस्ट) ही परीक्षा घेते. 2015 साली सुरू झालेल्या या परीक्षेत 120 पैकी गुण मिळतात, गणकयंत्र वापरता येत नाही आणि उतारे बरेचसे जुन्या ग्रंथांतले असतात. फ्लोरिडातील सरकारी विद्यापीठे 2023 पासून ती स्वीकारतात. तरी एमआयटीसारख्या संस्थांना एसएटी किंवा एसीटी या नेहमीच्या महाविद्यालयीन प्रवेशपरीक्षांपैकीच एक लागते, त्यामुळे ती तयारी वेगळी करावीच लागेल. शाळेतील गुणदानही कडक आहे. सरकारी शाळेत सहज ‘ए’ मिळवणारी मुलगी पहिल्या सत्रात निबंधांत ‘बी’वर होती, आणि महाविद्यालयाच्या अर्जात हा फरक कोण समजून घेणार, ही चिंता माझ्या मनात अजून आहे.

वाचनयादीविषयी माझी तक्रार अधिक जिव्हाळ्याची आहे. तीत युरोप आणि अमेरिकेबाहेरचे जवळजवळ काही नाही. ऑगस्टीन स्वतः आजच्या अल्जीरियातला. मग ख्रिस्ती विचाराची कक्षा युरोपापुरती का ठेवावी? लहानपणी संस्कृत मुखोद्गत केलेल्या, पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणणाऱ्या पंडिता रमाबाई या अशा शाळेच्या अभ्यासक्रमात शोभून दिसतील. मी तसे पत्र दिले. यादी बदलली नाही, पण अकरावीतील एक निबंध रमाबाईंवर लिहिण्याची परवानगी मुलीला मिळाली आहे.

ख्रिस्ती नसलेल्या कुटुंबांनी एक गोष्ट आधी तपासावी. काही शाळा निदान एका पालकाने विश्वासाच्या लेखी निवेदनावर सही करावी असा आग्रह धरतात, काही सर्वांना प्रवेश देतात. प्रवेश मिळाला तरी धर्मशिक्षण हा गुणांसह, गंभीरपणे तपासला जाणारा विषय आहे, आणि इतर विषयही त्याच दृष्टीने शिकवले जातात. शाळा पाहायला जाल तेव्हा तपासलेले दोन-तीन निबंध, विद्यार्थ्यांच्या प्रयोगवह्या आणि बारावीपर्यंत गणित कुठवर जाते याचा तक्ता मागून घ्या.

वाचनाची, लेखनाची आणि वादाची आवड असलेल्या, रोज रात्री दोन-तीन तास गृहपाठाला बसू शकणाऱ्या मुलासाठी मी ही शाळा निःसंकोच सुचवेन. ज्याचा जीव यंत्रांत, प्रयोगांत किंवा प्रोग्रॅमिंगमध्ये रमतो त्याला चांगले सरकारी हायस्कूल अधिक देईल. आम्ही अकरावीसाठी पुन्हा नाव नोंदवले आहे. भौतिकशास्त्र मात्र ती जवळच्या कम्युनिटी कॉलेजमध्ये, प्रयोगशाळेसह, करणार आहे.