इंजिनाचे सेन्सर घरी बदलायचे की गॅरेजला द्यायचे? जुनी ९११ आणि फेरारी ३६० समोर ठेवून

मागच्या महिन्यात दोघांनी मला एकच प्रश्न विचारला. एकाने नुकतीच २००१ ची पोर्शे ९११ घेतलीये, ९९६ मॉडेल. दुसरा फेरारी ३६० बघतोय, अजून घेतली नाहीये. चेक इंजिनचा दिवा लागला तर घरी निभेल का दर वेळी स्पेशालिस्टकडे पळायचं, हे दोघांना ठरवायचंय. माझ्याकडे न्यू जर्सीत सात वर्षं ९९६ आहे आणि मित्राच्या ३६० खाली मी भरपूर पडून राहिलोय, तर जे हाताने केलंय तेवढंच सांगतो.

पहिली गोष्ट, गाडीच्या नावाला घाबरू नका. दोन्हींचा मेंदू बॉशचा मोट्रॉनिक, हवा मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर पण बॉशचाच, आणि तुमच्या पुण्यातल्या भावाच्या स्कोडात हे जसं चालतं तसंच इथे चालतं. फरक पडतो तो हात कुठवर पोचतो यात, आणि चूक झाली तर केवढ्याला पडते यात.

स्कॅनरचं बघू. फोनला ब्लूटूथने जोडायचा वीस-पंचवीस डॉलरचा ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या कॉम्प्युटरचे बिघाडाचे कोड वाचणारा प्लग) दोन्ही गाड्यांना चालतो, कोड वाचतो, फ्यूएल ट्रिम, म्हणजे मिश्रण नीट ठेवायला कॉम्प्युटर पेट्रोल किती कमी-जास्त करतोय ते, दाखवतो, ऑक्सिजन सेन्सरचे व्होल्टेज दाखवतो. पण पोर्शेचं खास काही, म्हणजे कॅमशाफ्टचं (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचं) डेव्हिएशन वगैरे, त्यात दिसत नाही, त्यासाठी ड्युरामेट्रिक हा पोर्शेसाठीचा स्कॅनर लागतो, आणि ९९६ वाल्याने ते घ्यावंच असं माझं मत आहे कारण गॅरेजची एक फेरी वाचली की पैसे वसूल होतात. फेरारीत डीलरकडे एसडी-२, एसडी-३ ही स्कॅनर मशीन असतात आणि बाहेर लिओनार्डो नावाचं मिळतं, ते घरी एका गाडीसाठी घेणं मला तरी परवडत नाही. इथे ९९६ सरळ पुढे.

आता माझी फजिती ऐका. माझ्या गाडीला पी ११२८ आणि पी ११३० हे दोन्ही कोड एकदम आले. मिश्रणात पेट्रोल कमी, हवा जास्त, असा त्याचा अर्थ. मी शहाण्यासारखे दोन्ही पुढचे ऑक्सिजन सेन्सर मागवले, शनिवारची दुपार घालवून बसवले, आणि सोमवारी दिवा परत हजर. अहो, दोन्ही बाजूंचे सेन्सर एकाच दिवशी कसे मरतील! शेवटी स्मोक टेस्ट केली, म्हणजे हवेच्या नळ्यांत धूर सोडून गळती शोधली, तर तेल भरायच्या प्लॅस्टिकच्या नळीला चीर, धूर तिथून निवांत वर येत होता. सेन्सर बिचारे खरं बोलत होते, हवा खरंच जास्त जात होती आणि मी मात्र निरोप आणणाऱ्यालाच बदडत बसलो होतो.

तेव्हापासून आधी ट्रिम बघतो. आयडलला ट्रिम खूप वर आणि हायवेवर जवळजवळ नॉर्मल, तर कुठेतरी हवा गळतेय. उलटं, आयडलला ठीक आणि लोड आला की वर जातंय, तर एअरफ्लो सेन्सर नाहीतर पेट्रोलचा दाब. एवढं कळायला दहा मिनिटं लागतात, आणि गॅरेजवाला याच दहा मिनिटांचे तासाच्या भावाने पैसे घेतो. रागाने नाही म्हणत, चांगला माणूस असेल तर ते पैसे योग्यच आहेत.

मग कुठला सेन्सर घरी बदलायचा? एअरफ्लो सेन्सर दोन्ही गाड्यांत घरीच. ९९६ ला तो एअर फिल्टरच्या पुढे नळीत बसतो, दोन स्क्रू, पण ते मधे खुंटी असलेले टॉर्क्स असतात, साधा बिट बसत नाही. आधी त्याचा प्लग काढून गाडी चालवून बघा, ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, तेव्हा अंदाजाची व्हॅल्यू वापरतो, गाडी उलट बरी चालली तर संशय पक्का. नवीन घ्यायच्या आधी एअरफ्लो सेन्सरसाठीच्या क्लीनर स्प्रेने धुऊन बघा, बोट लावू नका, आणि तेल लावलेला फिल्टर बसवला असेल तर तो आधी काढा कारण तेच तेल सेन्सरवर चढतं.

ऑक्सिजन सेन्सर ना सोपा ना अवघड, मधला. बावीसचा हेक्स, खाच असलेला सॉकेट, आणि वीस वर्षांचा गंज. गाडी कोमट असताना सैल करा, अँटी-सीझ फक्त आट्यांना, टोकाला अजिबात नाही. पण सायलेन्सरच्या पाइपात आटे गेले तर दोनशेचं काम हजारात जातं, हे मी बघितलंय. गाडी जॅकवर ठेवून खाली जाऊ नका, स्टँड लावा, मग ती कितीही महाग असो. अडकलेला दिसला तर लिफ्ट असलेल्या गॅरेजला द्या, यात कमीपणा नाही.

क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिन किती वेगाने फिरतंय ते सांगणारा, हा ९९६ चा जुना त्रास. इंजिन थंड असताना मस्त सुरू होते, तापली की सिग्नलला बंद पडते, अर्ध्या तासाने परत सुरू, जणू काही झालंच नाही. सेल्फ मारताना आरपीएमचा काटा हलतो का बघा, नसेल हलत तर बहुतेक हाच. एकच बोल्ट आहे, पण इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर, खालून, न दिसता चाचपडत. मनगट सडपातळ असेल तर करा.

फेरारीचा एक मोठा फायदा सांगतो, जो कोणी बोलत नाही. व्ही ८ च्या दोन बाजूंना दोन एअरफ्लो सेन्सर, तेही वरतीच. डावा-उजवा अदलाबदल करा, कोड दुसऱ्या बाजूला गेला तर सेन्सर खराब, तिथेच राहिला तर वायर नाहीतर गळती. फुकटात निदान. कॅट, म्हणजे धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, फार तापला की लागणाऱ्या स्लो डाऊनच्या दिव्याचंही तसंच. कॅटचं तापमान मोजायला थर्मोकपल (उष्णतेने किंचित वीज देणारी तार) असतं, ८०० अंशाला ते जेमतेम ३३ मिलीव्होल्ट देतं, तो सिग्नल एक छोटी डबी वाचते आणि वर्षानुवर्षं उष्णता खाऊन ती डबीच आधी जाते. मित्राच्या गाडीत डाव्या-उजव्या डब्यांची अदलाबदल केली, दिवा एका बाजूवरून दुसरीकडे गेला, कॅट ठणठणीत. एका गॅरेजने त्याला कॅटचं कोटेशन दिलं होतं.

पार्ट गाडीच्या कंपनीच्या डब्यातला घ्यायचा की बॉशच्या? बॉशच्या. बऱ्याचदा वस्तू तीच, किंमत दुप्पट-तिप्पट फक्त घोड्याच्या चित्राची. मात्र ऑनलाइन बॉशची नक्कल खूप आहे, विशेषतः एअरफ्लो सेन्सरची, संशयास्पद स्वस्त दिसला की सोडा. आणि ३६० विकायची असेल तर सर्व्हिस हिस्ट्रीत शिक्के लागतात, घरच्या कामाची बिलं-फोटो जपून ठेवले तरी घेणारा नाक मुरडतोच. ९९६ ला एवढं कोणी विचारत नाही.

तर ९९६ वाल्याने घरीच करावं, अडकलेले ऑक्सिजन सेन्सर सोडून. बॅटरी काढली असेल तर जोडल्यावर पॅडलला पाय न लावता एक मिनिट नुसती इग्निशन ऑन ठेवा, मग दहा सेकंद बंद, थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) परत शिकतो. ३६० वाल्याने दोष शोधायचं काम घरी करावं आणि खालचं काम स्पेशालिस्टला द्यावं. आणि गाडी बघायला जाशील तेव्हा तो पंचवीस डॉलरचा अडॅप्टर खिशात ठेव, रेडीनेस मॉनिटर, म्हणजे गाडीने स्वतःच्या कुठल्या तपासण्या पूर्ण केल्यात ते, बघ. सगळे अपूर्ण दिसले तर एक तर बॅटरी काढलेली किंवा कोड काल-परवाच पुसलेत, विकणाऱ्याला सरळ विचार कोणता दिवा लागला होता.