समुद्रकिनाऱ्यावर कुत्र्यासाठी लांब लीश: बायोथेनच का घ्यावी

किनाऱ्यावर कुत्र्याला अगदी मोकळं सोडायचं नाही, पण मनसोक्त पळू तर द्यायचं, यासाठी लांब लीशला पर्याय नाही. बाजारात नायलॉनची, आपोआप गुंडाळणारी आणि बायोथेनची असे प्रकार मिळतात. खारं पाणी आणि वाळू यांच्यापुढे बायोथेनच धड टिकते. आत पॉलिएस्टरची विणलेली पट्टी आणि वर प्लॅस्टिकचं जाड आवरण, अशी तिची बांधणी असते. त्यामुळे ती पाणी पीत नाही.

नायलॉनची लीश घरी उत्तम वाटते. किनाऱ्यावर मात्र ती भिजून जड होते, विणीत वाळू अडकते आणि कुत्र्याने हिसका दिला की तळहात खरवडून निघतो. आपोआप गुंडाळणारी तर किनाऱ्यावर नेऊच नये. डबीत वाळू गेली की स्प्रिंग आणि ब्रेक अडखळतात, म्हणजे नेमका थांबवायच्या क्षणी कुत्रा थांबत नाही. तिची बारीक दोरी पायाला घासली तर कातडी भाजल्यासारखी सोलते.

लांबी १० मीटर पुरते. १५ मीटर आवरताना गोंधळ होतो, ५ मीटरमध्ये कुत्र्याला धावायला मिळत नाही. लहान कुत्र्याला १३ मिलीमीटर रुंदी चालते, मध्यमला १६, दांडग्याला १९. फार अरुंद पट्टी हातात रुतते. शेवटाला पकडायची कडी नसलेली लीश घ्या. लीश वाळूत घसटत असताना हीच कडी खडकात किंवा ओंडक्यात अडकते.

खरी पारख हुकाची. बहुतेक लीश इथेच फसतात. पट्टी वर्षानुवर्षं टिकते, पण स्वस्त हुक खाऱ्या हवेत पांढरट पडतो, त्याची स्प्रिंग गंजते आणि एके दिवशी खटका अर्धवटच मिटतो. भरीव पितळेचा किंवा ३१६ दर्जाच्या (खाऱ्या पाण्यात सहसा न गंजणाऱ्या) स्टेनलेस स्टीलचा हुक मागा. पितळी हुकाबद्दल शंका असेल तर त्यावर न दिसणाऱ्या जागी बारीक ओरखडा काढून पाहा: आतून पिवळा निघाला तर पितळ, करडा निघाला तर नुसता मुलामा. चुंबक लावून फसू नका, स्वस्त हुकाच्या जस्ताच्या मिश्रधातूलाही तो पितळेसारखाच चिकटत नाही.

पट्टी आणि हुक यांचा जोड शिवलेला किंवा रिव्हेट मारलेला आहे ना, हेही बघावं. स्क्रूचा जोड सैल होतो, तो दर वेळी बोटाने तपासा. आवरणाला चीर पडली की पाणी आत शिरतं. मग लीश बदलायचीच.

बायोथेनचे दोषही आहेत. ओली झाली की गुळगुळीत पट्टी हातातून सुटते. म्हणून खडबडीत पृष्ठभागाची घ्या, किंवा पातळ हातमोजे घाला. ती पाण्यात बुडते. कुत्रा पोहायला लागला की पायात अडकते, लाटेत तर जास्तच. पोहण्यासाठी ती वापरू नका.

वापरताना हुक हार्नेसच्या (छाती-पाठीभोवती बांधायच्या पट्ट्याच्या) पाठीवरच्या कडीत लावा. कॉलरला कधीही नाही: १० मीटर धावून आलेला हिसका मानेवर बसतो. लीश हाताला गुंडाळू नये, बोटं मोडतात. तळहातावर सैल वेटोळी घेऊन धरा. भरतीच्या रेघेजवळ मात्र ती ३ मीटरवर आणा. मेलेले मासे, जेलीफिश, गळाचे काटे तिथेच पडलेले असतात आणि कुत्रा ते तोंडात घ्यायला क्षणभरही थांबत नाही.

लीश कितीही चांगली असली तरी कुत्र्याला खारं पाणी पिण्यापासून ती अडवत नाही. तहानलेला कुत्रा समुद्राचंच पाणी पितो, मग उलट्या आणि जुलाब होतात, आणि जास्त पोटात गेलं तर जिवावर बेततं. दर १५–२० मिनिटांनी गोडं पाणी पुढे करा.

घरी आल्यावर लीश गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवा आणि हुक पाण्यातच दहा-बारा वेळा उघड-बंद करा, म्हणजे खटक्यातले वाळूचे कण सुटतात. सावलीत लटकवून वाळवा. हुकाला तेल लावू नका, त्याला पुढच्या वेळी वाळू चिकटते.