बाळासाठी पाण्याचा सिपर, दोन महिने वापरून सांगतेय
मुलीला सहा महिने पूर्ण झाले, नाचणीचं सत्त्व सुरू केलं तेव्हा हा सिपर मागवला, त्याआधी पाण्याचा थेंब दिला नाही कारण आईच्या दुधातच 80 टक्क्यांहून जास्त पाणी असतं, भर मे महिन्यात सासूबाई "घसा सुकतोय गं तिचा" म्हणायच्या तरी डॉक्टर नाहीच म्हणाले. सिपर दिसायला मस्त, हँडल ती छान पकडते, पण झाकणातला सिलिकॉनचा व्हॉल्व्ह काढला तर आत काळी बुरशी!! रोज धुवत होते तरी. पोटात धस्स झालं. ब्रश तिथे पोचतच नाही. आता उकळून गार केलेलं पाणी बारशातल्या चांदीच्या वाटी-चमच्याने, जेवणासोबत दोन-चार चमचे, बास. घ्यायचाच तर सगळे पार्ट सुटे होणारा घ्या.