सिंगिंग बाउल, वर्षभराच्या वापरानंतर: वाटी ठेवा, कार्ड फेका

सिंगिंग बाउल म्हणजे लाकडी दांड्याने टोला देऊन किंवा कडेवरून दांडा फिरवून वाजवायची धातूची वाटी. आधी निकाल सांगून टाकते. वाटीला पाचपैकी साडेचार, सोबत आलेल्या कार्डाला शून्य.

गेल्या पावसाळ्यात ऑनलाइन मागवली. पाच इंच व्यास, वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास, किंमत ३,८०० रुपये. सोबत चामडं गुंडाळलेला लाकडी दांडा, लाल गादी आणि ते गुळगुळीत कार्ड: प्राचीन तिबेटी मठांची परंपरा, सात पवित्र धातू, सूर एफ, अनाहत (म्हणजे हृदयाचं) चक्र. विक्रेत्याचं नाव लिहीत नाही, कारण शोधायला बसाल तर जवळपास प्रत्येक दुकानात हेच कार्ड थोड्याफार फरकाने सापडेल.

वाटी मात्र खरंच सुरेख आहे. हातोडीचे ठोके बाहेरून स्पष्ट दिसतात. एक हलका टोला दिला की नाद जवळजवळ मिनिटभर रेंगाळतो. कडेवरून दांडा फिरवणं जमायला थोडे दिवस जातात. घाई केली की नुसती खडखड. दाब सारखा ठेवायचा आणि हात सावकाश फिरवायचा. दांडा कडेला क्षणभर धरतो, सुटतो, पुन्हा धरतो, व्हायोलिनच्या गजाचं असतं तेच. आणि त्या नादात वूं-वूं अशी जी लाट ऐकू येते ना, तिचं कारण मला फार आवडलं. हाताने ठोकलेली वाटी कधीच पुरती गोल नसते, त्यामुळे अगदी जवळजवळचे दोन सूर एकदम वाजतात आणि एकमेकांत मिसळून कमीजास्त होत राहतात. थोडक्यात, वाटीच्या वाकडेपणातच तिची गंमत आहे. घेताना शक्य असेल तर ही लाट ऐकूनच घ्या.

आता कार्डाकडे. मी पेटी शिकते, त्यामुळे ‘सूर एफ’ म्हणजे पेटीवरची पांढरी चार, हे तपासणं सोपं होतं. ट्यूनर लावला तर वाटी पांढरी चारच्या जराशी खाली. ते एक वेळ सोडून देऊ. पण तिचा वरचा ठळक सूर मूळ सुराच्या पावणेतीन पटीच्या आसपास येतो, तानपुऱ्याच्या तारेसारखा धड दुप्पट नाही की तिप्पट नाही. तानपुऱ्याशेजारी वाजवून बघा, कान लगेच तक्रार करतील. बरं, चक्राला पट्टी दिली कुणी? पूर्णानंदांच्या १५७७ सालच्या ‘षट्चक्रनिरूपण’ या चक्रांवरच्या संस्कृत ग्रंथात अनाहताच्या बारा पाकळ्या आहेत, वायुतत्त्व आहे, ‘यं’ हा बीजमंत्र आहे. पांढरी चार कुठेच नाही. आपल्याकडे षड्ज, म्हणजे ‘सा’, ज्याच्या त्याच्या गळ्याप्रमाणे धरतात. आमच्या गाण्याच्या बाई काळी पाचला गातात, शेजारचे काका काळी एकला. मग दोघांची हृदयं वेगवेगळ्या पट्टीत लागली आहेत म्हणायची का?

सात धातूंत कार्डाने पाराही घातलाय. कासं वितळायला आठशे अंशांहून जास्त तापमान लागतं आणि पारा ३५७ अंशांलाच उकळतो. भट्टीत तो थांबेल कशाला? अशी भांडी म्हणजे कासं: साधारण ७८ भाग तांबं, २२ भाग कथील. तळपायाला तूप लावून घासायची आपल्या घरातली काशाची वाटी याच घराण्यातली. (ती काळी पडली की ‘अंगातली उष्णता निघाली’ म्हणतात. हा आपल्याकडचा असाच कार्डछाप दावा. तेल, घाम आणि धातूचं घर्षण एवढंच त्यात असतं.)

राहिला ‘तिबेटी’ हा शब्द, आणि माझी खरी तक्रार तीच आहे. नागपुरात हिवाळ्यात तिबेटी लोकांची स्वेटरची दुकानं लागतात. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावला त्यांची जुनी वसाहतही आहे. त्यातल्या एका दुकानात एका काकूंना मोबाइलवर वाटी वाजवतानाचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो दोनदा पाहिला आणि हिंदीत विचारलं, हे कशासाठी? आमच्या घरी देवापुढे सात वाट्या असतात, त्यात रोज सकाळी पाणी भरतो, संध्याकाळी रिकाम्या करतो. त्यांच्यावर टोला मारत नाही कुणी. मग स्वतःच मठातली वाद्यं सांगू लागल्या: हातातली घंटा, झांजा, दोन माणसांनी उचलायचे लांब कर्णे. शेवटी स्वेटरचा भाव सांगितला, त्यात मात्र एक रुपया सोडला नाही.

या वाट्या बहुतेक नेपाळच्या, काठमांडू खोऱ्यातल्या कारागिरांच्या घडणीच्या. तिकडे त्या मुळात जेवणाखाण्याची, धान्याची भांडी. साठ-सत्तरच्या दशकांत पाश्चात्त्य तरुण तिथे पोचले आणि भांड्यांची वाद्यं झाली. १९७२ मध्ये दोन अमेरिकी वादकांची ‘टिबेटन बेल्स’ ही ध्वनिमुद्रिका आली आणि हा नाद जगभर गेला. पुढे कधीतरी त्याला ‘प्राचीन’ हे शेपूट चिकटलं.

उसनं घेण्याला माझी हरकत नाही. ज्या पेटीवर आपण अभंग म्हणतो ती युरोपातून आलेली. आकाशवाणीने १९४० मध्ये तिला बाहेर काढलं होतं, १९७१ पर्यंत बंदी होती, तरी भजनी मंडळांनी तिला सोडलं नाही. पण ती ज्ञानेश्वरांच्या काळापासूनची आहे असं कुठलाही बुवा सांगत नाही. वाटीच्या बाबतीत खोटा जन्मदाखला बनवला गेलाय. ज्याने ठोकली त्या नेपाळी कारागिराचं नाव कुठेच नाही. आणि ज्यांचा देशच हातातून गेला त्या लोकांच्या नावावर त्यांचा नसलेला विधी चढवून विकला जातोय, त्यांचे खरे विधी मात्र कुणी विचारत नाही.

उपयोग होतो का? मला होतो. रियाजाआधी दोन-तीन टोले दिले की डोक्यातली गडबड बसते. ‘उपचार’ म्हणून पैसे मोजणार असाल तर एवढं ध्यानात ठेवा की ज्या अमेरिकी अभ्यासाचा दाखला नेहमी देतात त्यात ६२ माणसं होती आणि तुलनेला दुसरा गटच नव्हता. शांत खोलीत तासभर पडून राहिलं तरी बरं वाटतंच.

बाकी किरकोळ. दांड्याचं चामडं दिवाळीच्या सुमारास सुटलं, फेव्हिकॉलने चिकटवलं, अजून टिकून आहे. गादीची शिवण कच्ची. काळपट डाग चिंचेने निघतात, पण लगेच धुऊन कोरडी पुसा. फरशीवर पाडू नका, कासं ठिसूळ असतं, तडा गेला की नाद कायमचा गेला. दुसरी घ्यायची झाली तर मी विक्रेत्याला दोनच गोष्टी विचारीन: कुठल्या गावात घडवली आणि वाजवून दाखवता का.