ओळखीच्या शब्दांसाठी एक शब्दकोश: ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी

इंग्रजी वर्तमानपत्र वाचून कळते, कार्यालयातले ईमेल बिनचूक लिहिता येतात, चित्रपटही उपशीर्षकांच्या आधाराने समजतो. पण बोलायला तोंड उघडले की तेच ते ठरावीक शब्द पुढे येतात, अशी तक्रार मराठी माध्यमातून शिकलेल्या अनेकांकडून ऐकू येते. भाषेच्या युरोपीय मापदंडात या टप्प्याला बी२ म्हणतात. या टप्प्यावरचे बहुतेक लोक शब्दसंग्रह वाढवायचा म्हणून अवघड, क्वचित भेटणाऱ्या शब्दांच्या याद्या पाठ करू लागतात. माझ्या मते त्यांची खरी उणीव निराळी असते. त्यांना 'रन', 'पुट', 'गेट', 'टेक' हे शब्द शाळेपासून माहीत असतात, परंतु घरात, दुकानात, प्रवासात हे शब्द जी शेकडो कामे करतात त्यांतली थोडीच त्यांच्या हाताशी असतात. ही उणीव भरून काढण्यासाठी 'ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी' या शब्दकोशाइतके उपयोगी साधन मला दुसरे माहीत नाही. त्याची दहावी आवृत्ती २०२० मध्ये निघाली आणि त्याचे संकेतस्थळ मोफत वापरता येते. प्रस्तुत परीक्षण मुख्यतः त्या संकेतस्थळाचे आहे.

या कोशाचा जन्म इंग्लंडमधला नाही, हे त्याचा स्वभाव समजण्यासाठी ध्यानात घ्यायला हवे. ए. एस. हॉर्नबी हे १९२४ मध्ये जपानला इंग्रजी शिकवायला गेले आणि तिथल्या विद्यार्थ्यांच्या अडचणी समोर ठेवून त्यांनी सहकाऱ्यांसह हा कोश रचला. तो प्रथम १९४२ मध्ये टोकियोत छापला गेला आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डने तो आपल्या नावाने काढला. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्यासाठीचा कोश शब्दाचा अर्थ सांगून थांबला तरी चालते, कारण वाक्य कसे करायचे हे त्यांना कळतच असते. परक्या माणसासाठी रचलेल्या कोशाला मात्र तो शब्द वाक्यात कुठे आणि कुणाबरोबर बसतो हेही सांगावे लागते. हॉर्नबींनी ही जबाबदारी पहिल्यापासून उचलली. अर्थ सांगताना मोजकेच सोपे शब्द वापरायचे, ही कल्पना त्याहून थोडी जुनी असून तिचा आपल्या उपखंडाशी जवळचा संबंध आहे: ढाक्याला शिक्षकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयात काम केलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९३५ मध्ये जो छोटा कोश काढला, त्यातील सगळ्या व्याख्या १,४९० शब्दांत बसवल्या होत्या. ऑक्सफर्डच्या कोशात या कामासाठी सुमारे तीन हजार शब्दांचा साठा वापरतात. त्यामुळे बी२ टप्प्यावरच्या वाचकाला एका शब्दाचा अर्थ समजून घेण्यासाठी दुसरे चार शब्द शोधत बसावे लागत नाही.

'रन' ही एकच नोंद सावकाश वाचली तरी या कोशाचे मोल लक्षात येते. पळणे हा अर्थ अर्थातच पहिला आहे. पुढे उतरत गेले की बस ठरावीक वेळेला धावते तेव्हाही 'रन', नळाचे पाणी वाहते तेव्हाही 'रन', सर्दीने नाक गळते तेव्हाही 'रन', धुताना कपड्याचा रंग जातो तेव्हाही 'रन' आणि कुणी दुकान चालवते तेव्हाही 'रन', असे दिसत जाते. यांपैकी एकही गोष्ट सांगायला आपल्याला नवा, भारदस्त शब्द लागत नाही; तरीही साडीचा रंग गेला हे इंग्रजीत सांगताना भलेभले अडतात. प्रत्येक अर्थाखाली छोटी, रोजच्या बोलण्यातली उदाहरणे आहेत आणि नेहमीच्या शब्दांच्या बाबतीत अर्थाअर्थाशेजारी त्याच युरोपीय मापदंडातली, अगदी प्राथमिक ए१ पासून प्रगत सी१ पर्यंतची पातळीही लिहिलेली असते. पातळी शब्दाला लावलेली नसून अर्थाला लावलेली आहे, ही बाब मला फार मोलाची वाटते. ज्याला आपण पहिलीचा शब्द म्हणून मागे टाकलेले असते, त्याचेच दोन-तीन अर्थ पुढच्या इयत्तेचे निघतात आणि अभ्यास नेमका कुठे करायचा ते आपोआप कळते.

दुसरा मोठा गुण म्हणजे चुकीच्या वापराबद्दलच्या सूचना. आपण मराठीत एखाद्या विषयाबद्दल चर्चा करतो, म्हणून इंग्रजीतही 'डिस्कस'च्या पुढे सहज 'अबाउट' लावतो. त्या नोंदीत हा प्रयोग चालत नाही असे स्पष्ट बजावलेले आहे. 'मला एखादे चांगले हॉटेल सुचवा' या वाक्याच्या वळणाने आपण 'सजेस्ट मी' म्हणतो. तेही चालत नसल्याची सूचना 'सजेस्ट'च्या नोंदीत मिळते. इंग्रजी-मराठी कोशात अशी सूचना सहसा नसते, कारण तिथे समोर मराठी प्रतिशब्द ठेवला की काम झाले असे मानतात, आणि नेमका तो प्रतिशब्दच आपल्याला मराठी वळणाच्या वाक्याकडे ओढून नेतो.

शब्दांच्या जोड्यांबाबतही असेच घडते. मराठीत पाऊस जोराचा आणि वाराही जोराचा. इंग्रजीत मात्र पाऊस 'हेवी' आणि वारा 'स्ट्राँग'. या जोड्यांना नियम नाही, त्या नुसत्या माहीत असाव्या लागतात. संकेतस्थळावर अनेक नामांच्या नोंदीत अशा जोड्यांची एक घडी घातलेली पट्टी असते. ती उघडली की त्या नामाआधी कोणती विशेषणे येतात, त्याच्याबरोबर कोणती क्रियापदे चालतात आणि मागेपुढे कोणते शब्दयोगी अव्यय येते हे एका जागी दिसते. खेदाची गोष्ट अशी की बरेच वापरकर्ते ही पट्टी कधी उघडतच नाहीत. मी तर म्हणेन की वेळ थोडा असेल तर व्याख्या वगळून आधी ती पट्टी वाचावी.

क्रियापद आणि छोटे अव्यय मिळून होणारे जोडप्रयोग हा मराठी माणसाला सर्वांत जड जाणारा भाग आहे. कार्यक्रम लांबणीवर टाकायचा असेल तर आपण 'पोस्टपोन' म्हणतो, आणि अलीकडे आणायचा असेल तर 'प्रीपोन'. यांतला दुसरा शब्द या कोशात भारतीय इंग्रजी अशा शेऱ्यासह दिलेला आहे, तेव्हा तो परदेशी माणसाला कळेलच असे धरून चालू नये, हे लगेच समजते. पहिला शब्द बरोबरच आहे, पण घरगुती बोलण्यात 'पुट ऑफ' अधिक सहज येते. 'पुट'च्या नोंदीच्या शेवटी अशा प्रयोगांची लांबलचक यादी आहे आणि प्रत्येकात 'समथिंग' किंवा 'समबडी' हा शब्द कुठे ठेवला आहे त्यावरून कर्माची जागा समजते. 'पुट समथिंग ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे, पण 'पुट समबडी ऑफ' म्हटले की एखाद्याचे मन त्या गोष्टीवरून उडवणे असाही अर्थ होतो. 'पुट समबडी अप' म्हणजे पाहुण्याला आपल्याकडे मुक्कामाला ठेवणे. आणि 'पुट अप विथ' म्हणजे नाइलाजाने चालवून घेणे, ज्यात कर्म नेहमी शेवटी येते. हे सारे एकाच क्रियापदाभोवती पाहायला मिळाले की रोजच्या इंग्रजीचा पोत कळू लागतो.

उच्चारांची सोयही उत्तम आहे. ब्रिटिश आणि अमेरिकी असे दोन्ही उच्चार ऐकता येतात आणि उच्चारताना शब्दाच्या कोणत्या भागावर जोर द्यायचा ते चिन्हाने दाखवलेले असते.

काही गोष्टी मात्र खटकतात. मोफत संकेतस्थळावर जाहिराती आहेत आणि मोबाइलच्या लहान पडद्यावर त्या वाचनात व्यत्यय आणतात. 'ऑक्सफर्ड ३०००' आणि 'ऑक्सफर्ड ५०००' या महत्त्वाच्या शब्दांच्या याद्या तिथून उतरवून घेता येतात. दुसऱ्या यादीत भर पडलेले दोन हजार शब्द मुख्यतः बी२ आणि सी१ पातळीचे असल्याने ती नेमकी या वाचकाच्या उपयोगाची आहे. पण त्या याद्यांत शब्द सुटे असतात आणि त्यांचे वेगवेगळे अर्थ दिसत नाहीत. यादी छापून भिंतीवर लावणाऱ्याला शब्द ओळखता येतील, वापरता येणार नाहीत. शब्दापुढे लगेच त्याची नोंद उघडून वाचली तरच तिचा लाभ आहे.

याहून गंभीर उणीव म्हणजे एखादा शब्द बोलण्यात किती येतो आणि लिहिण्यात किती येतो, याचा वेगळा हिशेब इथे दिसत नाही. लाँगमनचा विद्यार्थीकोश हे काम चांगले करतो: त्यात सर्वाधिक वापरातल्या तीन हजार शब्दांना बोलण्यासाठी आणि लिहिण्यासाठी स्वतंत्र खुणा आहेत आणि त्याच्या व्याख्याही सुमारे दोन हजार शब्दांतच लिहिलेल्या आहेत. ज्याचे सगळे लक्ष बोलण्यावर आहे, त्याने तो कोशही शेजारी उघडा ठेवावा. तोही इंटरनेटवर मोफत आहे. त्याचप्रमाणे भाज्या, धान्ये, मसाले, झाडे यांच्या नावांसाठी इंग्रजी व्याख्या वाचणे हा वेळेचा अपव्यय आहे. मेथीचे वर्णन इंग्रजीत वाचून मेथी डोळ्यांसमोर येत नाही. अशा शब्दांना केंब्रिजच्या संकेतस्थळावरचा इंग्रजी-मराठी विभाग किंवा घरातला कोणताही जुना द्वैभाषिक कोश पुरेसा आहे.

छापील प्रत घ्यावी का, असे अनेक जण विचारतात. ती दीड हजारांहून अधिक पानांची आहे, अक्षर बारीक आहे आणि ती प्रवासात नेण्यासारखी नाही. जोड्यांच्या पट्टीतला पुष्कळसा मजकूर आणि ऐकू येणारे उच्चार तर संकेतस्थळावरच मिळतात. मात्र घरात शाळा-महाविद्यालयातली मुले असतील तर मी छापील प्रत अवश्य घ्यायला सांगेन, कारण कागदावर 'पुट' शोधताना त्याच्या आजूबाजूची पाने नजरेखालून जातात आणि जाहिरातीही आड येत नाहीत. एकट्या नोकरदार माणसाने मोफत संकेतस्थळावर काम चालवावे आणि वाचलेले पैसे एखाद्या इंग्रजी मासिकाच्या वर्गणीवर खर्च करावेत, म्हणजे कोशात भेटलेले प्रयोग पुन्हा वाचनात भेटतील.