‘प्रायॉन फ्री’ स्टेम सेल पावडर: एक स्टार, तोही चवीसाठी

आमच्या दारव्ह्याच्या बाजारात सध्या एक पुड्यावाली पावडर लय चालून राहिली, हिरव्या सफरचंदाचे स्टेम सेल (ज्यातून दुसऱ्या पेशी बनतात त्या मूळ पेशी) म्हणे, जिभेखाली टाकायची अन् टोंगळेदुखी, शुगर, लकवा सगळं गायब. शेजारच्या काकाजीनं 30 पुड्यांचा डबा 3,000 ले घेतला, म्हणजे पाऊण क्विंटल सोयाबीन गेलं राज्या. टोंगळे जसेच्या तसे. कंपनीचं नाव लिहत नाही, डबा पाहिला की ओळखाल.

मी झूलॉजी शिकवतो म्हणून काकाजीनं पॉम्प्लेट वाचाले दिलं. त्यावर लाल अक्षरात ‘100 टक्के प्रायॉन फ्री’. अरे, प्रायॉन म्हणजे जनावरा-माणसाच्या अंगातलं एक प्रोटीन, सफरचंदात ते असते कुठं? उद्या म्हणाल आमच्या पऱ्हाटीले लाळ्या-खुरकुत होत नाही!

प्रायॉनचं नाव खराब झालं ते मॅड काऊमुळे, 1986 मध्ये ब्रिटनच्या गाईंत सापडला तो रोग. त्यात हे प्रोटीन चुकीची घडी घेते अन् बाजूच्या चांगल्या प्रोटीनलेही तशीच घडी पाडते, शेवटी मेंदूची चाळणी. हे शोधणाऱ्या स्टॅनली प्रुसिनरले 1997 चं नोबेल भेटलं. पण सरळ घडीतलं तेच प्रोटीन तुमच्या-माझ्या अंगात जन्मापासून आहे, पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर. अन् खरी मजा इथं आहे, ते रक्त बनवणाऱ्या स्टेम सेलवरही असते. 2006 मध्ये अमेरिकेत व्हाइटहेड इन्स्टिट्यूटमध्ये हार्वे लोडिश अन् सुझन लिंडक्विस्ट यांच्या टीमनं हे प्रोटीन नसलेल्या उंदरांचा बोन मॅरो (हाडातला मगज, जिथं रक्त बनते) रेडिएशन देऊन मॅरो मारलेल्या उंदरांत टाकला, मग त्यांचा पुढच्यात, असं करत करत गेले. प्रोटीनवाला मॅरो टिकला, बिनप्रोटीनवाला पुढं पुढं रक्त उभं करण्यात कमी पडत गेला, अन् प्रोटीनचा जीन परत घातला तर सुधारला. तसे बिनप्रोटीनचे उंदीर एरवी धडधाकट जगतात हं, मॅरोवर ताण पडला की फरक दिसते. म्हणजे ज्याच्यापासून ‘फ्री’ म्हणून हे पैसे घेऊन राहिले ते स्टेम सेलचंच कामाचं सामान आहे, अन् पॉम्प्लेट लिहिणाऱ्याले पत्ताच नाही.

एवढ्यावर मी हसून सोडलं असतं. पण एजंट हा डबा सिकलसेल, म्हणजे रक्ताचा खानदानी आजार, असलेल्या घरात नेऊन राहिला अन् तिथं माझं डोकं फिरलं. आपल्या विदर्भात सिकलसेल किती हे सांगायची गरज नाही. त्यासाठी स्टेम सेलचा खरा इलाज आहे, बोन मॅरो ट्रान्सप्लांट, पण तो मोठ्या दवाखान्यात, बहुतेक वेळा एचएलए (पेशीवरची ओळखखूण) जुळणाऱ्या सख्ख्या भावा-बहिणीकडून, अन् त्यात जोखीमही असते. आयसीएमआर, म्हणजे सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या 2017 च्या गाइडलाइनमध्येही स्टेम सेलचा मान्य इलाज म्हणजे रक्त बनवणाऱ्या पेशींचं ट्रान्सप्लांट, तेही ठरावीक आजारांसाठी. सफरचंदाची पेशी जिभेखालून जाऊन माणसाचं रक्त बनवत नसते बावा. सरकारी दवाखान्यातून हायड्रॉक्सीयुरिया, म्हणजे सिकलसेलचं औषध, चालू असेल तर असल्या पुडीपायी बंद करू नका, एका मायनं केल्ती, तिच्या पोराले ॲडमिट करा लागलं.

चव आंबटगोड आहे, लेकरं मागून खातात. डबा परत घेत नाहीत, फोडला म्हणते. फोन केला तर म्हणे यवतमाळले मिटिंगले या, दोन मेंबर जोडले की पैसे आपोआप निघतील.