पैसे देऊन घेतलेली 'डिफॉल्ट स्टाइल' नव्वद दिवसांनी उलटली

आफ्टर इफेक्ट्स या व्हिडिओ अ‍ॅनिमेशनच्या सॉफ्टवेअरमध्ये रोज काम करणाऱ्यांना हा वैताग ठाऊक आहे. नवा टेक्स्ट लेयर, म्हणजे अक्षरांचा थर, काढला की आधीच्या कामातला फॉन्ट आणि रंग चिकटून येतो. शेप, म्हणजे आकृती, काढला तर कधीतरी वापरलेली जाड स्ट्रोक (कडेची रेघ) त्याच्यावर बसलेली असते. कीफ्रेम, म्हणजे हालचालीतला टप्पा, टाकली की ती लिनिअर, एकसारख्या वेगाची, मग हालचाल हळुवार करायला ती निवडून एफ ९ दाबा. मी मुलाखतींच्या एका मालिकेसाठी नावांच्या पट्ट्या, म्हणजे लोअर थर्ड, करत होते. सगळ्या भागांत पट्टी हुबेहूब सारखी हवी होती. नेमक्या त्याच आठवड्यात एका विक्रेत्याची जाहिरात दिसली: एकदा बसवा, यापुढे प्रत्येक टेक्स्ट आणि शेप तुमच्याच स्टाइलमध्ये उघडेल, कायमचा.

'कायमचा' या शब्दावर मी विश्वास ठेवला.

डेमोचा व्हिडिओ नेटका होता आणि माझ्या प्रश्नांना काही मिनिटांत उत्तरं येत होती. हा पॅक, म्हणजे तयार स्टाइल आणि ती बसवणारी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम), एका नामांकित ऑनलाइन बाजारपेठेवरही विकायला होता, पण विक्रेत्याने सुचवलं की थेट पैसे पाठवा, कमिशन वाचेल आणि तेवढी सवलत तुम्हाला देतो. मी थेट पाठवले. बाजारपेठेवर तक्रार करून परतावा मागता येतो, आणि तो मार्ग मी सवलतीपायी स्वतःच बंद केला, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

पॅकबरोबर आलेल्या सूचनांत पहिलीच पायरी होती: प्रेफरन्सेसमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरच्या सेटिंग्जमध्ये, जाऊन स्क्रिप्टना फाइल लिहिण्याची आणि नेटवर्क वापरण्याची परवानगी चालू करा. ही परवानगी मुळात बंद असते आणि ती बंद असण्याला कारण आहे. पुष्कळ प्रामाणिक स्क्रिप्टनाही ती लागते, म्हणून मी फार विचार न करता टिक केलं. स्क्रिप्टची फाइल जेएसएक्सबिन होती, म्हणजे आत काय लिहिलंय ते आपल्याला वाचता येत नाही. तिने माझी प्रेफरन्सेसची फाइल पुसून स्वतःची ठेवली. लेबलांचे रंग आणि ऑटो सेव्हची वेळ अशी वर्षानुवर्षं जमवलेली घडी एका क्लिकमध्ये गेली. बॅकअप नव्हता. कळवलं तर उत्तर आलं, 'नवी सुरुवात स्वच्छ असावी म्हणून तसं केलं आहे.' तिथेच थांबायला हवं होतं.

पट्ट्या मात्र सुंदर दिसत होत्या. एकच गोष्ट खटकायची: अक्षरांची सेटिंग्ज असलेल्या कॅरेक्टर पॅनेलमधून अक्षरांचा आकार बदलला तरी पडद्यावर काही हलायचं नाही. विचारल्यावर तो म्हणाला, हा स्टाइल लॉक आहे, चुकून कुणी बिघडवू नये म्हणून. पटण्यासारखं वाटलं. काम संपलं, फाइली गेल्या, पैसे आले.

काही आठवड्यांनी क्लायंटचा निरोप आला की एका पाहुण्याच्या आडनावात वेलांटी चुकली आहे. दोन मिनिटांचं काम. मी अक्षर दुरुस्त केलं, रात्री तो भाग पुन्हा रेंडरला, म्हणजे अंतिम व्हिडिओ बनवायला, लावला आणि सकाळी घाईत न पाहताच पाठवून दिला. त्या भागातलं प्रत्येक नाव राखाडी, मुंगीएवढं झालं होतं. क्लायंटनेही विश्वासाने तो तसाच प्रसारित केला. ज्यांच्या आडनावासाठी एवढी धडपड केली, त्यांचंच नाव कुणाला वाचता आलं नाही. त्याची बोच पैशांपेक्षा जास्त आहे.

आधी वाटलं, फॉन्ट हरवला असेल. पण फॉन्ट जागेवर होता. मग लेयर निवडून ई हे बटण दोनदा दाबलं, की त्यावरची सगळी एक्स्प्रेशन्स, म्हणजे गुणधर्म आपोआप ठरवणाऱ्या कोडच्या ओळी, उघडतात. सोर्स टेक्स्टवर, म्हणजे लेयरच्या मजकुरावर, एक लांबलचक एक्स्प्रेशन निघालं. आफ्टर इफेक्ट्सच्या २०२० च्या आवृत्तीपासून फॉन्ट, आकार, रंग एक्स्प्रेशनने ठरवता येतात. तीच सोय 'स्टाइल लॉक' म्हणून विकली होती. कॅरेक्टर पॅनेल त्यामुळेच निकामी झालं होतं. आणि अगदी शेवटी एक अट होती: आजची वेळ एका तेरा आकडी संख्येपेक्षा जास्त असेल, तर आकार लहान करा आणि रंग राखाडी करा.

ती संख्या म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे मिलिसेकंद. तारखेत बदलून पाहिली तर मी खरेदी केल्यापासून बरोबर नव्वदावा दिवस निघाला. विक्रेत्याला विचारलं तेव्हा पहिल्यांदाच कळलं की 'परवाना नूतनीकरण' नावाचं काही असतं. पुन्हा पैसे भरले की नवी फाइल मिळेल. परतावा मागितला, त्यानंतर उत्तर नाही.

सगळ्यात जास्त चीड याची आली की विकलेलं बहुतेक सगळं सॉफ्टवेअरमध्ये आधीपासून आहे. एकही लेयर निवडलेला नसताना कॅरेक्टर पॅनेलमध्ये फॉन्ट, आकार, रंग ठरवा, पुढचा टेक्स्ट लेयर तसाच येतो. शेपचंही तेच: काही न निवडता वरच्या टूलबारमध्ये फिल (आतला रंग) आणि स्ट्रोक ठरवायचे. पट्टीचा एखादा लेयर हालचालीसकट जपायचा असेल, तर त्याचे हवे ते इफेक्ट आणि गुणधर्म निवडून अ‍ॅनिमेशन मेन्यूतून प्रीसेट सेव्ह करा. एफएफएक्स फाइल तयार होते, ती आपलीच. आणि प्रेफरन्सेसमध्ये न्यू प्रोजेक्ट या भागात आपली टेम्पलेट फाइल नेमून दिली, की प्रत्येक नवा प्रोजेक्ट तिच्यापासूनच उघडतो.

तुमच्याकडे असा विकतचा पॅक असेल तर आजच एखाद्या लेयरवर ई दोनदा दाबून पाहा. एक्स्प्रेशनमध्ये 'डेट' हा शब्द किंवा तेरा आकडी संख्या दिसली, तर मुदत उलटण्याआधी कीफ्रेम असिस्टंटमधून ते एक्स्प्रेशन कीफ्रेममध्ये बदलून घ्या. मुदतीनंतर बदललं तर राखाडी अक्षरंच पक्की होतील. तेव्हा आधी अट काढून टाकावी लागते. प्रेफरन्सेसची फाइल कुठे आहे ते जनरल विभागातल्या बटणाने सापडते, तिची प्रत दुसरीकडे ठेवा. स्क्रिप्टची परवानगी मी आता गरजेपुरतीच चालू करते.

त्या मालिकेच्या अठरा प्रोजेक्ट फाइली आहेत. सात साफ करून झाल्या. दुरुस्त केलेला भाग मी त्याच दिवशी क्लायंटला पाठवला होता. पुढच्या भागांचं काम मात्र त्यांनी दुसऱ्याला दिलं आहे.